जवळची वाट आणि कापलेला कोपरा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या दत्त जयंती अंकाची लगबग सुरू होते. आजवर या अंकात माझे नाव छापून आले ते शेवटच्या पानावर, उत्सवाच्या जमाखर्चाखाली. या वर्षी संपादक मंडळींनी धरून बसवले, ‘काका, आकडे पुष्कळ झाले, आता चार ओळी लिहा.’ मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले. वेदान्त माझ्या आवाक्यातला नाही. तेव्हा जे माझ्या टेबलावर घडले आणि जे अजून मनातून जात नाही, तेच लिहितो. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

निमित्त झाले नातवाचे. आठवीत आहे. इंग्रजीचा गृहपाठ करता करता त्याने विचारले, “आजोबा, ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे काय हो?” मी वर्तमानपत्र वाचत होतो. डोके वर न करता सांगून टाकले, “शॉर्टकट मारणे. लिही.” त्याने लिहिले, वही मिटली आणि खेळायला पळाला. माझे काम झाले, त्याचेही काम झाले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र चुटपुट लागली. उत्तर बरोबर नव्हते. सगळेच चूक होते असेही नाही, पण नीट नव्हते. गंमत म्हणजे त्या शब्दांचा जो खरा अर्थ, तेच मी उत्तर देताना केले होते.

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते नोकरीच्या सुरुवातीला. शाखेच्या तपासणीसाठी एक दाक्षिणात्य अधिकारी आले होते. आमची पुस्तके चाळून त्यांनी सर्वांना समोर बसवले आणि शांतपणे बजावले, ‘डोन्ट कट कॉर्नर्स.’ आम्ही माना डोलावल्या. त्यांच्या लक्षात आले असावे की कोणाला काही कळलेले नाही. मग त्यांनी कागदावर एक वळणाचा रस्ता काढला. म्हणाले, गाडी वळणावर आली की आपल्या बाजूने, वळण पूर्ण घेऊन न्यायची असते. घाईचा माणूस तसे करत नाही. तो कोपरा कापून सरळ काढतो. चार हात अंतर वाचते. पण ते चार हात कोणाचे असतात? समोरून येणाऱ्याचे असतात.

ही आकृती माझ्या डोक्यात पक्की बसली. आपल्या मुरबाडच्या लोकांना तर ती समजवायलाच नको. कल्याण–नगर रस्त्याने टोकावडे, वैशाखरे मागे टाकून माळशेज घाट चढताना आपण सर्वांनी तो प्रसंग पाहिलेला आहे. जुना एसटी ड्रायव्हर वळणावर हॉर्न देतो, वेग कमी करतो, आपली बाजू सोडत नाही. आणि एखादा हौशी गाडीवाला पावसाच्या धुक्यात वळणावरच कोपरा कापतो. वाचलेला वेळ त्याचा, धोका मात्र समोरून येणाऱ्या, ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसाचा.

मग शॉर्टकट म्हणजे काय? तो वाईट का? मला तसे वाटत नाही. लहानपणी आम्ही आसनगाव स्टेशनला जायचो ते शेतांच्या बांधांवरून. गाडीरस्त्याने पाऊण तास, बांधावरून अर्धा. सगळा गाव त्याच वाटेने जाई. पण वडीलधाऱ्यांचा एक नियम होता. चालायचे ते बांधावरून, खाचरात पाय पडता कामा नये. आवण लावलेले असताना एखादे पोर खाचरातून सरळ धावत निघाले तर ज्याचे शेत असेल तो पाठीत धपाटा घाली आणि घरी आल्यावर आई दुसरा घाली. बांधावरून जाणे ही जवळची वाट होती. खाचर तुडवत जाणे म्हणजे दुसऱ्याचे भात पायाखाली घेऊन आपली वाट जवळ करणे. स्टेशन दोन्हीकडून तेच येई. फरक होता तो आपली पाच मिनिटे कोणाच्या पदरातून गेली एवढाच.

आपल्याच भागातले फार मोठे उदाहरण म्हणजे नाणेघाट. वैशाखऱ्यापासून चढून वर गेले की घाटघर, तिथून पुढे जुन्नर. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल देशावर जुन्नरला आणि पुढे पैठणकडे न्यायचा तर या वाटेने जात. सातवाहनांच्या काळातली ही वाट दोन हजार वर्षांहून जुनी आहे. शॉर्टकट म्हणावा तर हा केवढा मोठा शॉर्टकट! पण तो कसा झाला ते पाहा. माणसांनी कातळ फोडून नाळ मोकळी केली, पायऱ्या खोदल्या, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी पाण्याची टाकी खोदली. वरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, त्यात दानांचे आकडे कोरलेले आहेत. माझ्यासारख्या कारकुनाला ते आकडे पाहून फार बरे वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी दिल्याघेतल्याचा हिशेब दगडावर मांडून ठेवला! आणि घाटाच्या माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असे पूर्वापार सांगतात.

त्या रांजणापाशी उभे राहिल्यावर मला जे वाटले तेच या लेखाचे सार आहे. वाट जवळची झाली की तिची जकात कोणाला तरी भरावी लागते. ज्याची वाट वाचली त्यानेच जकात भरली तर तो प्रामाणिक शॉर्टकट. वाट वाचली एकाची आणि जकात भरली दुसऱ्याने, तर तो कापलेला कोपरा.

आज आपल्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नाशिककडे जाणाऱ्याचा केवढा वेळ वाचतो. पण या रस्त्यावरून जाताना मी सरळांब्याची आठवण करून हात जोडतो. ३१ जुलै २०२३ ची मध्यरात्र उलटल्यावर तिथे पुलाचे गर्डर बसवण्याचे यंत्र कोसळले आणि २० माणसे गेली. घर सोडून लांबून आलेली कष्टकरी माणसे. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा हे माझे काम नाही आणि मी तो करत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जवळच्या झालेल्या प्रत्येक वाटेसाठी कोणीतरी राबलेले असते. त्याची निदान आठवण ठेवणे हेही जकात भरण्यासारखेच आहे.

आता आपल्या संप्रदायाकडे वळतो. दत्तभक्तांत एक वाद नेहमी निघतो. श्रीगुरुचरित्राचे पारायण सात दिवसांत व्हावे, नियम पाळावेत, भूमिशय्या असावी, हे सर्व खरे. पण पंचाहत्तरीच्या माणसाची कंबर धरते, डोळे पाणावतात, मग त्याने काय करावे? लहान पोथी वाचली तर ती फसवणूक का? याचे उत्तर प. पू. टेंबेस्वामींनी स्वतःच देऊन ठेवले आहे असे मला वाटते. १८५४ साली माणगावी जन्मलेल्या आणि १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरी समाधिस्थ झालेल्या वासुदेवानंद सरस्वती स्वामी महाराजांनी मोठ्या गुरुचरित्राचे सार सातशे ओव्यांत आणले. तेच सप्तशती गुरुचरित्रसार. प्रत्येक ओवीतले तिसरे अक्षर घेत गेले की गीतेचा पंधरावा अध्याय उभा राहतो, अशी त्याची रचना. वाचणाऱ्याची वाट जवळची झाली, पण ती करून देणाऱ्याने केवढा कातळ फोडला! हा आपला नाणेघाटच आहे. त्या वाटेने जाणाऱ्या वृद्धाने मनात अपराधी वाटून घेऊ नये.

याच्या उलट प्रकारही मी पाहिला आहे, आणि माझ्याच घरात, माझ्याच आसनावर. पोथी मोठी, आसन व्यवस्थित, समोर समई, उदबत्ती. आणि छत्तिसावा अध्याय आला की माझी बोटे आपोआप पाने मोजायला लागायची, अजून किती राहिली? ओठ हलत राहायचे, नजर ओळी गाळत पुढे जायची. बाहेरून पाहणाऱ्याला पारायण चाललेले दिसे. अशा पारायणापेक्षा दिवसाला दहा ओव्या मन लावून वाचलेल्या बऱ्या. लहान पोथीत मी काही लपवत नव्हतो. मोठ्या पोथीत लपवत होतो.

कोणी म्हणेल, पण गुरुकृपा हाच मुळी सर्वांत मोठा शॉर्टकट नव्हे का? तंतुकाची कथा आहे ना? आहे, आणि माझ्या फार आवडीची आहे. चव्वेचाळिसाव्या अध्यायातली. शिवरात्रीसाठी घरची सगळी माणसे श्रीशैल्याच्या यात्रेला निघाली. तंतुक गेला नाही. माझा मल्लिकार्जुन इथेच आहे, म्हणाला. मग श्रीगुरूंनी त्याला पादुका धरायला सांगून एका क्षणात श्रीशैल्यावर नेले. घरच्यांना तिथे पोहोचायला किती दिवस लागले असतील, आणि हा क्षणात पोहोचला! पण दोन गोष्टी आपण वाचताना गाळतो. पहिली म्हणजे, हा तंतुक आपला संसार सांभाळून रोज श्रीगुरूंच्या मठाचे अंगण झाडत असे. रोज. कोणी पाहो न पाहो. दुसरी गोष्ट अशी की, तिथे पोहोचल्यावर श्रीगुरूंनी त्याला काय सांगितले? क्षौर कर, स्नान कर, दर्शन घे. अंतर माफ केले, पण विधीतले काही माफ केले नाही. कृपेने वाट जवळची होते. कोपरा कापायची परवानगी तिने मिळत नाही.

आपल्या मराठीत ‘कट कॉर्नर्स’साठी नेमका शब्द कोणता, यावर मी बराच विचार केला. ‘शॉर्टकट मारणे’ पूर्ण बसत नाही. ‘पाट्या टाकणे’ हा जवळचा वाटतो. नुसत्या पाट्या मोजून द्यायच्या, काम झाले की नाही ते कोण पाहतो! पण मला त्याहून साधा शब्द सापडला, ‘उरकणे’. आपण जेवण करतो आणि जेवण उरकतो. पूजा करतो आणि पूजा उरकतो. दोन्हींत ताट रिकामे होते, दोन्हींत देवावर फूल चढते. मधला जो भाग दिसत नाही तेवढा उरकण्यात गळतो. अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत एक बाण करणारा कारागीर आहे. राजाची स्वारी वाजतगाजत समोरून गेली तरी त्याला कळले नाही, इतका तो बाण सरळ करण्यात गुंतला होता. त्याच्याकडून अवधूत एकाग्रता शिकला. मला त्या गोष्टीत आणखी एक दिसते. तो बाण कोणाच्या भात्यात जाणार, कोण पाहणार, हे त्या कारागिराच्या मनातही नव्हते. त्याने उरकले नाही.

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली ते सांगतो. इतकी पाने त्याच्याभोवती फिरलो, तेही एक प्रकारे वळण टाळणेच झाले.

गोष्ट १९८६ ची. मी मुरबाड तालुक्यातल्या एका बाजारगावच्या शाखेत होतो. कोणती बँक, कोणते गाव, ते सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. रोज शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावकडे जाणारी एसटी पकडायची, पुढे दुसरी. त्या काळी कॉम्प्युटर नव्हते. लेजर, टोकनाचे पितळी बिल्ले, आणि संध्याकाळी टॅली लागेपर्यंत घरी जायचे नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर नुसता चिखल होई.

ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी ‘निशाणी डावा अंगठा’. त्याचा नियम कडक होता. माणूस स्वतः यायला हवा, पासबुकातल्या फोटोशी चेहरा पाहायचा, अंगठा आपल्या डोळ्यांदेखत घ्यायचा आणि त्याखाली ‘माझ्यासमोर’ अशा अर्थाची ओळ लिहून सही करायची. नियमामागे कारण होते. सही डोळ्यांनी पडताळता येते, अंगठ्याच्या रेषा कारकुनाला पडताळता येत नाहीत. म्हणून त्या माणसालाच समोर आणायचे.

श्रावणातला बाजार होता. एक ओळखीचा तरुण आला. जवळच्या ठाकरवाडीतला, बोलका, नेहमी येणारा. त्याच्या चुलतीचे पासबुक आणि अंगठा घेतलेली विड्रॉवल स्लिप पुढे केली. १,५०० रुपये. “साहेब, म्हातारीला ताप आहे, ओढा भरलाय, येऊ शकत नाय. औषधाला पायजेत.” मागे रांग लागलेली. मी त्याला ओळखत होतो. त्याच्या चुलतीलाही दोनतीनदा पाहिले होते. वाटले, खोटे कशाला बोलेल? मी अंगठ्याखाली ‘माझ्यासमोर’ लिहिले, सही ठोकली आणि कागद पुढे सरकवला. साहेबांनी माझी सही पाहून पास केला. सगळे मिळून दोन मिनिटे वाचली असतील.

पुढच्या वैशाखात ती आजी आली. पावसाआधी घरावर पत्रे टाकायचे होते, पैसे काढायचे होते. तिच्या हिशेबाने खात्यावर २,२०० रुपये होते, म्हैस विकलेले आणि मजुरीतून टाकलेले. लेजरला ७०० होते. तिला वाचता येत नव्हते, त्यामुळे पासबुकातली नोंद वर्षभर तिच्याच पिशवीत असून तिला कळली नव्हती. मी जुन्या व्हाउचरचा गठ्ठा काढला. स्लिप सापडली. अंगठा तिचाच होता. रेशनकार्डाचे काम आहे म्हणून पुतण्याने घरीच घेतला होता, असे मागाहून उघड झाले. म्हणजे त्या कागदावर सगळे खरे होते. खाते खरे, रक्कम खरी, अंगठा खरा. खोटा एकच शब्द होता आणि तो माझ्या अक्षरात होता.

तिने तो कागद हातात घेतला, उलटा धरला, पुन्हा सरळ केला. कोणीतरी तिला सांगितले की आजी, इथे लिहिलेय तू या साहेबासमोर अंगठा दिलास. तिने माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. म्हणाली, “मंग दादा, त्या दिशी तू मला पाह्यली का?”

मी म्हणालो, “आजी, त्या दिवशी गर्दी फार होती.”

वाचकहो, होय म्हटले असते तर खोटे झाले असते, नाही म्हटले असते तर नोकरीवर आले असते. मी दोन्ही वळणे टाळून मधूनच गाडी काढली. साहेबांनी आत बोलावून विचारले, “अंगठा समोर घेतला होता ना?” तिथे मात्र ‘होय साहेब’ म्हणालो. कागदोपत्री प्रकरण मिटले.

वाडीतल्या जाणत्या माणसांनी पुतण्याला धरले. त्याने कबूल केले, दीड वर्षात ६०० रुपये खात्यावर भरले आणि भिवंडीला निघून गेला. राहिले ९००. ते मी भरले. तीन हप्त्यांत, पे-इन स्लिपवर पुतण्याचे नाव घालून. घरात कोणाला सांगितले नाही. मनाला म्हटले, झाले, हिशेब पुरा झाला. जमा आणि नावे दोन्ही बाजू जुळल्या.

त्या पावसाळ्यात आजी पुन्हा आली. फडक्यात बांधून करटुली आणली होती. डोंगरात हिंडून गोळा केलेली. म्हणाली, पोरगं सुधारलं, पैसे समदे भरले, तुमच्या बँकेनं भरून घेतले. घे दादा, लेकरांना दे. मी घेतली. घरी बायकोने भाजी केली, सर्वांना आवडली. मी मात्र पोट बिघडल्याचे सांगून नुसता वरणभात जेवलो.

तेव्हा कळले नाही, पण आता कळते की मी दोनदा कोपरा कापला होता. पहिला काउंटरवर, तो तरी गर्दीत. दुसरा थंड डोक्याने. ९०० रुपये भरणे ही जवळची वाट होती. लांबची वाट म्हणजे तिच्यासमोर उभे राहून ‘आजी, मी तुला पाहिले नव्हते, मी खोटे लिहिले’ एवढे सांगणे. ते पैसे देण्यापेक्षा अवघड होते, म्हणून मी पैसे दिले. आणि जकात कोणी भरली? जो माणूस सुधारला नव्हता तो सुधारला असे समजून तिने पुन्हा त्याच्यावर विश्वास टाकला, तो माझ्या स्लिपमुळे. चारपाच वर्षांनी ती गेल्याचे बाजारात कळले. सांगायचे राहिले ते राहिलेच.

पुढे १९९२ साली मुंबईच्या रोखे बाजारातला मोठा घोटाळा बाहेर आला तेव्हा आम्हा बँकवाल्यांत दुसरा विषय नव्हता. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकताना प्रत्यक्ष रोखे न देता ‘बँक रिसीट’ नावाचा कागद देत. त्याचा अर्थ, रोखे आमच्यापाशी आहेत, तुमचे तुम्हाला देऊ. पद्धत सोयीची होती, वेळ वाचे. मग काहींनी मागे रोखे नसतानाच कागद लिहून दिले. जानकीरामन समितीने मांडलेला घोळ सुमारे ४,००० कोटींचा होता, आणि आपल्या महाराष्ट्रातली बँक ऑफ कराड त्यात बुडाली. सहकारी तावातावाने बोलत होते. मी गप्प होतो. कारण तत्त्व मला ओळखीचे होते. कागदावर ‘आहे’ लिहायचे आणि मागे काही नसायचे. त्यांचे ४,००० कोटी आणि माझे १,५०० रुपये, शून्यांचा फरक. बँक रिसीट हा शॉर्टकट होता, रिकामी बँक रिसीट हा कापलेला कोपरा. ‘माझ्यासमोर’ या ओळीचेही तसेच.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी धरली आहे. कोणतेही काम लवकर आटोपायचा मोह झाला की विचारतो, हे मी ज्याच्यासाठी करतो आहे तो समोर उभा असता तर असेच केले असते का? असेच केले असते तर खुशाल जवळच्या वाटेने जावे. कुकरमध्ये शिजलेल्या भाताचा नैवेद्य देवाला चालतो. मोबाइलवरून पाठवलेली देणगी आम्ही चालवून घेतो, पावतीही देतो. आरतीला माणसे कमी असतात म्हणून आपल्याकडे विजेवर वाजणारा घंटा-नगारा आला. त्यालाही माझा विरोध नाही, फक्त तो वाजतो आहे म्हणून आपले तोंड बंद राहू नये. आणि समोर कोणी असताना वेगळे केले असते असे वाटले, तर थांबावे. दत्तभक्ताला हे सोपे असायला हवे. आपण रोज म्हणतोच की, महाराज पाठीशी आहेत. माझा अनुभव असा की ते पाठीशी असतात त्याचा धीर वाटतो, पण ते समोर असतात हे आपण सोयीने विसरतो.

आमच्या पिढीच्या गृहस्थांना आता मोठी पापे करायला ना ताकद आहे ना संधी. राहिली आहेत ती ही लहान कामे. मुलांना उत्तर देणे, आजाऱ्याची विचारपूस, भावकीतल्या कागदावर साक्षीदार म्हणून सही. त्यातली शेवटची तर फार जपून करावी. ‘अरे काका, नुसती सही हवीय’ असे कोणी म्हणाले की मला ती स्लिप दिसते. नुसती सही अशी काही गोष्ट नसते. खाली ज्याचे शेत आहे त्याचे खाचर आपण तुडवतो की नाही, एवढे पाहूनच पेन उघडावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातवाला हाक मारली. म्हटले, “बाळा, काल मी चुकीचे सांगितले. ‘कट कॉर्नर्स’ म्हणजे नुसता शॉर्टकट नव्हे.” मग घाट सांगितला, बांध सांगितला, नाणेघाटाचा रांजण सांगितला. आजीची गोष्टही सांगितली. घरात ती पहिल्यांदा त्यालाच कळली. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, “पण आजोबा, वहीत एकच ओळ आहे.” आम्ही दोघांनी मिळून ओळ केली, ‘कोणाला दिसत नाही म्हणून कामाचा भाग गाळणे.’ ती त्याने लिहिली. मग जरा थांबून विचारले, “मग तुम्ही त्या आजीच्या घरी नंतर कधी गेला नाहीत?”

गेलो नव्हतो. त्या वाडीची वाट मला माहीत आहे, एसटी जाते. या जयंतीच्या आधी एकदा जाऊन येईन म्हणतो. पुतण्या परत आला असेल, नसेल. तिची कोणी नातवंडे असतील. त्यांच्यासमोर उभे राहून जे तिला सांगायचे होते ते सांगेन. त्याने काय साधेल ते महाराज जाणोत.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी जन्माचा गुलाल उधळायच्या आधी दुपारी सभामंडप झाडायचा असतो. यंदा ते काम मी मागून घेतले आहे. कंबर साथ देईल तेवढे करीन, बाकीचे तरुणांनी करावे. फक्त मला कोपऱ्यांकडून सुरुवात करू द्यावी.

॥ श्रीगुरुदत्तार्पणमस्तु ॥